मिशनरीची कोरडी बायको

आमच्या ताईने आजवर जेवढ्या ओल्या माणसांना टॉवेलात गुंडाळलंय, तेवढं पोहण्याच्या तलावावर आयुष्य काढलेल्या माणसानेही गुंडाळलं नसेल. आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत कुणाचा बाप्तिस्मा असला की हौदाच्या वरच्या पायरीवर ताई उभी, दोन्ही हातांत टॉवेल पसरून. वर येणारं माणूस रडत असो, हसत असो, नाहीतर थंडीने त्याचे दात वाजत असोत, ते थेट ताईच्या कुशीत. पाठीवर दोन थापा, कानात एखादं वाक्य, आणि लगेच मागच्या खोलीत गरम चहा. लोक तिला 'टॉवेलवाल्या बाई' म्हणत. तिला ते नाव आवडायचं. मला मात्र ते ऐकलं की कसंसंच व्हायचं, कारण त्यामागची खरी गोष्ट त्या परक्या देशात फक्त आम्हा तिघांना माहीत होती.

तिघं म्हणजे ताई, मी आणि भावोजी. परदेशातला मिशनरी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब, टोपी आणि घोडा उभा राहतो. आमचे भावोजी सावळे, बुटके, आणि घोड्याचं सोडाच, शेजारच्या मांजराला वाट सोडून देणारे. आवाज इतका मऊ की शेवटच्या बाकावर बसलं तर ते प्रवचन करताहेत की प्रार्थना, ते ओठांवरून ओळखावं लागतं. पण गावाकडच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून त्यांना पाठवलं, ते आले, आणि टिकले. त्यांच्याबरोबर ताई आली. मी आले थोरल्या भाचीच्या वेळी ताईच्या बाळंतपणाला मदत म्हणून, ती राहिलेच. नंतर धाकटी भाची झाली, मला एका बालवाडीत नोकरी मिळाली, आणि परत जायचा विषय कुणी काढलाच नाही.

आमचं उपासनेचं ठिकाण म्हणजे पूर्वीचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज. रस्त्याच्या बाजूला विकायचे टायर मांडून ठेवायची भलीमोठी काच, मागे लांबलचक हॉल, आणि हॉलच्या मधोमध गाडीखाली शिरून काम करायचा खड्डा. हा खड्डा पाहून भावोजींचे डोळे असे चमकले की जणू पवित्र शास्त्रात त्याचा पत्ताच दिलाय. नळ गळतो म्हणून आलेल्या एका नळवाल्याने पुढे त्या खड्ड्याला पांढऱ्या फरशा लावून दिल्या, एका टोकाला पायऱ्या केल्या, तळाला बूच बसवलं, आणि मग त्याच हौदात सर्वात पहिला बाप्तिस्मा त्याचाच झाला. तेव्हा पाणी तापवायची सोय नव्हती. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. तो अजूनही नवीन माणसाला तो प्रसंग इतका रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याला शिंका येतात.

एरवी हौदावर फळ्या टाकलेल्या असत आणि फळ्यांवर खुर्च्या. बाप्तिस्मा ठरला की घरात लगीनघाई. भावोजींच्या वाट्याला दोन मिनिटांचं काम, बाकी सगळं ताईच्या डोक्यावर. फळ्या उचलायला लावणं, फरशा घासणं, पाणी भरणं, हीटर टाकणं, आणि पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहणं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं. कोपरापर्यंतच. पांढरे झगेही तीच शिवायची. पाण्यात झगा फुगून वर येतो आणि बाईमाणसाची पंचाईत होते, म्हणून खालच्या दुमडीत ती लोखंडी वायसर शिवून टाकायची. हॉलमध्ये बसलेल्यांना वाटे, हा घंटांचा बारीक आवाज कुठून येतोय? तो आमच्या झग्यांचा असायचा.

आता ती गोष्ट सांगते. एवढा सगळा पाण्याचा संसार मांडणारी आमची ताई स्वतः त्या पाण्यात कधी उतरलीच नव्हती.

भावोजींच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे अख्खं माणूस पाण्याखाली. तेही समज आल्यावर, आपल्या तोंडाने विश्वास कबूल करून. आम्ही बहिणी वाढलो त्या ख्रिस्ती देवळात तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडत. लग्न ठरताना हा विषय निघाला तेव्हा ताई मनापासून हो म्हणाली होती. तिला ते हवंच होतं. लग्नाआधी नदीवर जायचं ठरलं, तर नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. मग निघायच्या आधी करू म्हटलं, तर तिला ताप. इकडे आल्यावर हौद नव्हता. हौद झाला तेव्हा धाकटीच्या वेळचे दिवस होते. त्यानंतर मात्र एकही सबब उरली नाही, आणि सबब संपल्यावर खरं कारण उघडं पडलं. ताईला पाण्याची भीती वाटायची.

साधीसुधी भीती नव्हे. लहानपणी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली होती, आणि आमच्या आत्याने वेणीला धरून तिला वर ओढलं होतं. तेव्हापासून ताईने चेहऱ्यावर पाणी म्हणून ओतलं नाही. तोंड धुवायचं ते ओल्या फडक्याने. केस धुवायचे ते मान मागे टाकून, आणि मग तांब्या माझ्या हातात. पोरींना पोहायला शिकवायला नेलं तर ही तलावाकडे पाठ करून स्वेटर विणत बसायची. केस कधी कापले नाहीत, कारण विचारलं की म्हणायची, "कुणाला धरायला लागलं तर काहीतरी नको का?" हसत म्हणायची, पण मला त्यातलं हसू दिसायचं नाही.

भावोजींनी तिच्यावर एकदाही जोर केला नाही. ह्यावर माझं आणि त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या गावाला सांगता, बायकोला का नाही सांगत?" ते चष्मा पुसत म्हणाले, "तिला माहीत नाही असं मी काय सांगणार?" मला तेव्हा तो पळपुटेपणा वाटला होता. आता वाटतं, ते तिच्यावर फार प्रेम करत होते, आणि थोडे तिला घाबरतही होते. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतं.

आणि ताई? ताई आतल्या आत खात होती स्वतःला. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "मी म्हणजे रस्त्यावरची पाटी आहे गं. सगळ्यांना वाट दाखवते, स्वतः जागची हलत नाही." मी म्हटलं, देवाला काय पडलंय त्याचं. ती म्हणाली, "देवाचं तो बघेल. मला पडलंय." तेवढ्यात थोरलीने हाक मारली आणि ती उठून गेली.

हे असंच चालत राहिलं असतं. पण समोरच्या इस्त्रीवालीला आमच्या सुरकुत्या बघवल्या नाहीत.

झगे धुतले की ताई ते टायरच्या त्या मोठ्या काचेत वाळत घालायची, तिथे ऊन छान यायचं. दोनदा लोक आत येऊन किंमत विचारून गेले होते. रस्त्याच्या पलीकडे कपड्यांना इस्त्री करून देणारं दुकान होतं, आणि त्याची मालकीण एक विधवा बाई. दिसायला काटकुळी, जीभ मात्र इस्त्रीपेक्षा गरम. एके सकाळी ती तरातरा रस्ता ओलांडून आली आणि भावोजींना म्हणाली, "हे कपडे देवाच्या कामाचे ना?"

भावोजी खुलले. वाटलं, मासा स्वतः होऊन जाळ्यात आला. म्हणाले, "हो, हो, या ना, बसा."

"बसायला वेळ नाही मला. देवापुढे असे चुरगळलेले कपडे घालून जाता? मी रोज समोर बसते, मला हे बघावं लागतं. द्या इकडे."

झगे उचलून ती निघूनसुद्धा गेली. पाच मिनिटांत परत आली, झगा नाचवत. "ह्याच्यात लोखंड कुणी भरलंय? माझी इस्त्री खरवडली!"

ताईने तिला बसवलं, चहा दिला, आणि वायसर कशासाठी ते समजावून सांगितलं. इस्त्रीवाली हसून हसून खुर्चीतून घसरायची बाकी राहिली. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. ताई तिला काकू म्हणायची, काकू तिला पोरी. झगे इस्त्रीला जायचे, त्यांच्याबरोबर ताई जायची, आणि काकू कपड्यावर पाणी शिंपडत असताना ही स्टुलावर बसून तिला बायबलातलं शुभवर्तमान वाचून दाखवायची. काकूला ऐकून घेणं ठाऊकच नव्हतं. दर वाक्याला एक प्रश्न. "येशूने त्या हजारो माणसांना एवढी भाकर वाढली, मग भांडी कुणी घासली?" मग दोघी हसायच्या. पण जेव्हा येशूचा शिष्य पेत्र आपल्या धन्याला ओळखत नाही म्हणाला आणि बाहेर जाऊन रडला, तो भाग आला, तेव्हा काकूने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "हा माणूस मला कळतो." पुढे ती रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागली. आधी दाराजवळ, मग मध्ये, मग ताईच्या शेजारी. आमच्या घरी जेवायलाही यायची. थोरली जेवणाआधी लांबलचक प्रार्थना करायची तेव्हा काकू एक डोळा उघडून म्हणायची, "पोरी, देवाला समजलं. आता वाढ."

आणि एका बुधवारच्या सभेत काकू उठून उभी राहिली. सभेला सगळी नेहमीचीच माणसं होती. ती म्हणाली, "मी येशूवर विश्वास ठेवते. हे मी कुणाच्या भिडेने बोलत नाही, मला भीड नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मला बाप्तिस्मा घ्यायचाय." हॉलमध्ये असा आनंद झाला की नळवाल्याने टाळी वाजवली. पण काकू खाली बसेना. "पण मला डोकं पाण्याखाली घालायची भीती वाटते. माझा जीव घुसमटतो. पोरी," ती ताईकडे वळली, "तू सांग. तू गेलीस तेव्हा कसं वाटलं? तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवीन. ह्या बाकीच्यांचं मला काही खरं वाटत नाही."

मी ताईकडे पाहिलं. तिच्या तोंडचा रंग उडाला. भावोजी मध्ये काहीतरी बोलायला उठले, त्यांच्या मऊ आवाजात, आणि ताईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"काकू," ती म्हणाली, "मी गेलेच नाही. मी कधीच पाण्यात उतरले नाही. मलाही भीती वाटते."

 पहिला आवाज आला तो नळवाल्याचा. तो मनाचा चांगला, पण तोंडाला झाकण नाही. "म्हणजे आम्ही सगळे त्या थंडीत काकडलो," तो म्हणाला, "आणि बाई वर कोरड्या उभ्या होत्या? आम्ही काय येडे म्हणून भिजलो?" कुणी त्याला गप्प केलं, कुणी मान हलवली. दोघं-तिघं उठून बाहेर गेले. मला त्या नळवाल्याला हौदात घालून वर फळ्या टाकाव्याशा वाटल्या. पण ताई म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे." माझा राग तिथेच लटकून राहिला.

काकू मात्र रागावली नाही. ती ताईसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लाज वाटली."

"अस्सं. मग ऐक. रविवारी तू उतरलीस तर मी उतरते. नाहीतर आपण दोघी कोरड्या. पण दोघी मिळून."

आता पणाला काय लागलंय ते सगळ्यांना कळलं, ताईला तर आधी. तिचा एकटीचा प्रश्न होता तोवर तो तिने पदराखाली झाकून ठेवला होता. आता तिच्या भीतीला काकूचा विश्वास बांधला गेला होता. ताई उतरली नाही, तर काकू दारातूनच परत जाणार होती, आणि काकू शब्द फिरवणाऱ्यांतली नव्हती.

गुरुवारपासून आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. ओट्यावर मोठं पातेलं पाण्याने भरून ठेवलं. ताईने पदर खोचला, प्रार्थना केली, डोळे मिटले, आणि तोंड पाण्याच्या जवळ नेलं. नाकाचं टोक टेकलं मात्र, ती अशी मागे उसळली की डोकं कपाटावर आपटलं. धाकटी म्हणाली, "आई, मी दाखवते," आणि तिने तोंड पातेल्यात घालून बुडबुडे काढले. थोरली म्हणाली, "नाक दाबून धर." मी म्हटलं, "वेणी मी धरते, मग तर झालं?" भावोजी दारात उभे राहून बघत होते. शुक्रवारी परत तेच. शनिवारी दुपारी ताई पातेल्यासमोर उभी राहिली आणि रडायलाच लागली. पाणी ओतून टाकलं, त्या पातेल्यात रात्रीची डाळ शिजवली, आणि मला म्हणाली, "नाही जमणार."

"मग उद्या काय करणार?"

"उद्या जाणार."

"आत्ताच नाही जमणार म्हणालीस ना?"

"हो. नाहीच जमणार. पण जाणार." आणि ती डाळीला फोडणी द्यायला लागली. अशा बाईशी वाद कसा घालायचा ते मला आजवर कळलेलं नाही.

रविवारी हॉल खच्चून भरला. बातमी पसरायला आमच्याकडे वर्तमानपत्र लागत नाही. बुधवारी उठून गेलेलेही आले होते, नळवाला पहिल्याच ओळीत हाताची घडी घालून. काचेबाहेर रस्त्यावरचे चार लोक नाकं चिकटवून उभे. फळ्या काढल्या होत्या. हीटर रात्रीच बिघडला होता. नळवाल्याने सकाळी खटपट केली होती, पण पाणी कोमटच्या अलीकडेच राहिलं. टॉवेल आज माझ्या हातात होता.

आमच्याकडे उतरण्याआधी प्रत्येकाने आपल्या विश्वासाची साक्ष सांगायची पद्धत आहे. लोक ऐटीत लांबलचक सांगतात, काही जण रडतात. ताई झगा घालून पायरीवर उभी राहिली. पायांपाशी वायसर किणकिणत होते, म्हणजे पाय कापत होते. ती म्हणाली, "मी लहानपणापासून येशूला ओळखते. त्याने मला कधीच सोडलं नाही, विहिरीतही नाही. तरी मी पाण्याला भीत राहिले आणि ते लपवलं. भीती गेली म्हणून मी आज उतरत नाहीये. भीती आहे तशीच आहे. ती असतानाच उतरायचंय." एवढं बोलून ती खाली निघाली. माझे डोळे भरून आले, आणि मी रडणाऱ्यांतली नाही.

पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. कमरेला लागताच ताईने हौदात आधीच उभ्या असलेल्या भावोजींची कॉलर दोन्ही मुठींत पकडली. भावोजींनी हळूच तिच्या पाठीमागे हात घेतला, नेहमीचे शब्द उच्चारायला सुरुवात केली आणि तिला मागे झुकवू लागले. ताई झुकेना. दाराच्या चौकटीसारखी ताठ. त्यांनी थोडा जोर लावला. तिने त्याहून जास्त जोर लावला. फरशी ओली, भावोजी हलके. त्यांचा पाय सरकला, आणि आमचे पाळक सगळ्या मंडळीदेखत पाण्याखाली दिसेनासे झाले. ताई तशीच उभी. मानेपासून वर कोरडी ठणठणीत.

 भावोजी वर आले, चष्मा एका कानाला लोंबकळतोय, तोंडातून पाण्याची चूळ. आणि काकू मोठ्याने म्हणाली, "अगं, तू तर पाळकच धुऊन काढलास!"

ताई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खळखळून, पोट धरून. पोट धरायला हात लागतात, म्हणून कॉलर सुटली. सगळा हॉल हसत होता. नळवाल्याच्या हाताची घडीही मोडली होती, तो बाक बडवत होता. हसता हसता ताईने खाली पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं असावं की ती पाण्याच्या मधोमध उभी आहे, कुणाला न धरता. तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही शब्द म्हणा. खाली मी माझी जाते. तुम्ही फक्त पाठीला हात ठेवा."

भावोजींनी शब्द म्हटले. त्या दिवशी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला, मी खात्रीने सांगते. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. ताईने डाव्या हाताने नाक दाबलं, उजवा हात छातीवर घेतला, आणि मागे झुकली. पाणी तिच्या कानांवरून, गालांवरून, डोळ्यांवरून गेलं आणि वर मिटलं. मी टॉवेलचा कोपरा दातांत धरला. थोरलीने माझा दंड इतका आवळला की नंतर वळ उठला.

ती वर आली. वेणी सुटून खांद्यावर पसरलेली, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी आणि बाहेरही पाणी. तिने एक दीर्घ श्वास घेतला, सगळीकडे पाहिलं, जणू खोली नवीनच आहे, आणि भावोजींना म्हणाली, "अहो, एवढंच?"

मंडळी उभी राहिली. टाळ्या कुणी सुरू केल्या देव जाणे, पण गाणं नळवाल्याने धरलं. त्याच्या गळ्यात सूर म्हणून नाही, तरी त्या दिवशी सगळे त्याच्यामागे गेले. भावोजी हौदात उभे राहून उघडपणे रडत होते. मला इतका अभिमान वाटला की काचेबाहेरच्या त्या चार लोकांना आत ओढून सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण आहे.

मी टॉवेल पसरला. पण ताई वर येईना. ती वळून काकूकडे बघत होती. काकू पायरीशी उभी होती. हसणं कधीच ओसरलं होतं. एवढंसं तोंड झालं होतं तिचं.

"पाणी कसं आहे?" तिने विचारलं.

"गार आहे," ताई म्हणाली. "नाकातही जातं. काकू, मी तुमच्याशी परत खोटं वागणार नाही. वाईट वाटतं एक क्षण. मग वर येता."

"नाही आले तर?"

"मी खालीच उभी आहे ना."

आमच्याकडे बाप्तिस्मा पाळक देतात. दुसरं कुणी पाण्यात उभं राहत नाही. भावोजींनी ताईकडे पाहिलं, मग काकूकडे, आणि एका बाजूला सरकून जागा केली. काकू उतरली. तिच्या झग्याची इस्त्री अशी कडक होती की पाण्यालाही आत शिरायला वेळ लागला. शेवटच्या पायरीवर ती अडखळली, तेव्हा ताई दोन पावलं पुढे गेली आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिने दोन्ही हात पुढे केले. एका बाजूला भावोजी, दुसऱ्या बाजूला ताई. काकू खाली गेली आणि वर आली, खोकत, थुंकत, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "सगळी इस्त्री गेली माझी!" मग तिने ताईच्या गळ्यात हात टाकले आणि लहान मुलीसारखी हुंदके देत राहिली.

काकू वर येऊन माझ्या टॉवेलात शिरली. भावोजी वर आले. चहा उकळत होता, लोक खुर्च्या सरकवत होते, नळवाला बूच काढायला वाकून उभा राहिला. ताई अजून हौदातच होती, तळव्याने पाणी इकडून तिकडे ढकलत.

"अगं, ये ना वर," भावोजी पायरीवरून म्हणाले. "पाणी गार पडलं."

"पडू दे," ताई म्हणाली, आणि कुणी न सांगता, कुणाचा हात न धरता, नाक दाबून पुन्हा एकदा खाली गेली.